स्पंजची बॅट आणि नवशिक्याचा हात



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास, सयाजीरावांचे शिक्षणविषयक धोरण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. त्या मालिकेत टेबल टेनिसच्या बॅटचा इतिहास हा विषय काहीसा पोरकट वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आपल्या आयुष्यातील किती संध्याकाळी या सभागृहामागच्या लांबट खोलीत, एकुलत्या एका टेबलापाशी उभे राहून घालविल्या, हे माझ्या पिढीतील येथे उपस्थित असलेल्यांना सांगावयास नको. सरांविषयी बोलावयाचे आणि त्या टेबलाविषयी बोलावयाचे नाही, हे मला तरी साधणारे नाही.

आपले बडोदे हे आखाड्यांचे गाव. जुम्मादादा व्यायाममंदिर, राजरत्न माणिकराव, आणि द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ ही नावे ज्या शहराची ओळख आहेत, तेथे हिरव्या टेबलावर पांढरा चेंडू टिकटिकविणाऱ्या खेळाकडे वडीलधारी मंडळी साहेबाचे चोचले म्हणूनच पाहत. आमच्या घरी तर माझ्या आजोबांनी, ‘घाम न येता खेळ होतो तो कसला?’ असा थेट प्रश्न केला होता. वीस मिनिटे खेळून आलो की माझा सदरा ओला होई, तो मी मुद्दाम त्यांच्यासमोर वाळत घालीत असे.

साहेबाचे चोचले हा आरोप मुळाशी खोटा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत जेवणानंतर दिवाणखान्यातील मेजावर हा खेळ सुरू झाला. चेंडू म्हणून बाटलीचे बूच आणि बॅट म्हणून चिरुटाच्या पेटीचे झाकण वापरीत, असे सांगतात. त्यातले खरे किती आणि मागाहून रचलेले किती, हे ठरविणे कठीण आहे. तथापि आरंभीच्या बॅटी आज संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. लांब दांड्याच्या आणि चामड्याने मढविलेल्या त्या बॅटींकडे पाहिले की खंजिरीची आठवण होते. १९०० च्या सुमारास जेम्स गिब नावाच्या इंग्रजाने अमेरिकेहून सेल्युलॉइडचे पोकळ चेंडू आणले आणि खेळाचे रूपच पालटले. चामड्यावर तो चेंडू आपटला की जो आवाज निघे, त्यावरूनच ‘पिंग-पाँग’ हे नाव पडले असे मानतात. ते नाव पुढे एका कंपनीने आपल्या मालकीचे करून घेतल्यामुळे खेळाच्या संघटनांना ‘टेबल टेनिस’ हे रुक्ष नाव पत्करावे लागले.

लवकरच कोणीतरी लाकडी फळीला दाणेदार रबर चिकटविले. याचे श्रेय गुड नावाच्या एका इंग्रज खेळाडूस देतात. औषधाच्या दुकानात सुटे पैसे ठेवण्यासाठी असलेली रबरी चटई पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. कथा गोड आहे म्हणून मी ती वर्गात अनेकदा सांगितली. खात्री आहे म्हणून नव्हे. महत्त्वाचे हे की रबराच्या दाण्यांनी चेंडूला पकड मिळाली आणि चेंडूला फिरकी देता येऊ लागली. पुढील सुमारे अर्धे शतक हीच बॅट सर्वत्र चालली. १९२६ साली आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला पहिली जागतिक स्पर्धा भरली. तीत भारताचे खेळाडू होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. हंगेरीचा व्हिक्टर बार्ना याने १९३० ते १९३५ या काळात पाच वेळा जे एकेरीचे विजेतेपद मिळविले, ते याच दाणेदार, स्पंज नसलेल्या बॅटने. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतील पुरुषांच्या सांघिक विजेत्यांना मिळणारा बार्ना-बेलाक चषक त्याचे व त्याचा सहकारी लास्लो बेलाक याचे नाव सांगतो.

त्या बॅटीने खेळ किती संथ होऊ शकतो याचा नमुना १९३६ साली प्रागला दिसला. एर्लिख आणि पानेथ या दोन बचावपटूंमधील सामन्यात पहिला एकच गुण दोन तासांहून अधिक वेळ चालला. पुढल्या वर्षी जाळी पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली गेली. आजही ती तेवढीच, म्हणजे १५.२५ सेंटिमीटर आहे. सामान बदलले की खेळ बदलतो, आणि खेळ फार बिघडला की नियम बदलतात. या खेळाच्या इतिहासात हे चक्र पुन्हापुन्हा फिरले आहे. पण त्यातील सर्वांत मोठा फेरा आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर घडला, आणि सर तेथे होते.

१९५२ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली. आशिया खंडात ही स्पर्धा प्रथमच होत होती. सरांची नोकरी नवी होती आणि पगार जेमतेम. तरी ते रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले, गिरगावात मावशीकडे उतरले आणि तीन दिवस खेळ पाहून परत आले. त्या तीन दिवसांवर ते पुढे तीस वर्षे बोलत राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जपानचा संघ प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा, चष्मा लावणारा, अंगाने किरकोळ असा एक खेळाडू होता. लेखणी धरावी तशी तो बॅट धरी. त्याच्या फळीवर दाणेदार रबराऐवजी जाड स्पंज लावलेला होता. आता यात विशेष काय, असे आजच्या मुलांना वाटेल. विशेष होते ते आवाजात. दाणेदार रबरावर चेंडू आदळला की स्वच्छ ‘टक’ असा आवाज होतो आणि त्या आवाजावरून समोरच्या खेळाडूला फटक्याचा जोर नकळत उमगतो. सातोच्या बॅटमधून तो आवाज जवळजवळ निघतच नसे. चेंडू स्पंजात रुतल्यासारखा होई आणि तिथून अपेक्षेपेक्षा वेगळ्या वेगाने, वेगळ्या फिरकीने सुटे. सर म्हणत, ‘अरे, समोरचा माणूस बहिरा झाल्यासारखा खेळत होता.’ अमेरिकेचा मार्टी रीझमन हा त्या काळचा अव्वल दर्जाचा आक्रमक खेळाडू. तो सातोकडून हरला आणि त्या पराभवाविषयी आयुष्यभर बोलत राहिला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरविले. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचा सांघिक कॉर्बिलॉन चषकही जपाननेच जिंकला. महिला एकेरीचे विजेतेपद मात्र रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूने आपल्याकडेच राखले.

या प्रसंगाचा जो अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो तो असा, की १९५२ साली मुंबईत खेळाडू हरले आणि बॅट जिंकली. मला हा अर्थ अर्धवट वाटतो. १९५३ साली बुखारेस्टच्या स्पर्धेला जपान गेलाच नाही आणि तेथे हंगेरीच्या फेरेन्त्स सिदोने जुन्या पद्धतीच्या बॅटने अजिंक्यपद मिळविले. सातोला पुन्हा कधीही जागतिक एकेरीचे विजेतेपद मिळाले नाही. तीच नवलाईची बॅट, तोच खेळाडू. पण लोकांना तिची सवय झाली आणि जादू ओसरली. याउलट १९५४ साली लंडनमध्ये इचिरो ओगिमुरा हा दुसरा जपानी तरुण स्पंजच्या बॅटनेच जिंकला, १९५६ साली पुन्हा जिंकला आणि १९८७ साली जागतिक महासंघाचा अध्यक्षही झाला. ओगिमुराचे पायांचे काम, त्याचा व्यायाम, त्याने एकेका फटक्यावर घेतलेले कष्ट यांविषयी खेळाडू आजही आदराने बोलतात. दोघांच्या हातांत स्पंजच होता. एकाचे यश एका स्पर्धेपुरते ठरले आणि दुसऱ्याने खेळाची दिशा बदलली. सामान आणि कसब यांचा हिशेब मांडताना या दोन नावांचा मला नेहमी उपयोग झाला आहे.

स्पंजवरून पुढे काही वर्षे मोठा वाद चालला. अखेर १९५९ साली महासंघाने नुसता स्पंज वर्ज्य केला. स्पंजावर रबराचा थर असलेली, एकूण चार मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली जोडआवरणाची बॅट आणि स्पंजाविना दोन मिलिमीटरपर्यंतचे दाणेदार रबर, या दोहोंना मान्यता मिळाली. आज दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक बॅट ही या तडजोडीचे अपत्य आहे. यानंतरचे बदल मी भराभर सांगतो. दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण भिन्न गुणांची रबरे लावून प्रतिस्पर्ध्याला चकविण्याची युक्ती बोकाळली, तेव्हा १९८० च्या दशकात एक बाजू काळी व दुसरी लाल असा दंडक आला. २०२१ पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा हे रंगही चालतात. चेंडू २००० साली ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला, २०१४ मध्ये सेल्युलॉइड जाऊन दुसरे प्लॅस्टिक आले. फळीच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवे, हा नियम मात्र टिकून आहे. आणि बॅट कोणत्याही आकाराची, मापाची वा वजनाची असू शकते हाही नियम टिकून आहे. फळी सपाट व ताठ असली म्हणजे झाले. हे वाक्य पालकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे मला त्यावर बोलावयाचे आहे.

आता मुंबईहून परतलेल्या सरांकडे वळतो. कोणासही वाटेल की ते स्पंजचे भक्त होऊन आले असतील. झाले उलटेच. त्यांनी हस्तव्यवसायाच्या तासाला आमच्या आधीच्या मुलांकडून प्लायवूडच्या लहान बॅटी करवून घेतल्या. दांडा कानशीने घासून पोराच्या मुठीएवढा बारीक केलेला. वर रबर नाही, काही नाही. सातव्या-आठव्या वर्षाच्या मुलाचा हात दांड्याभोवती पुरत नाही, म्हणून ते मूल बॅट कुऱ्हाडीसारखी धरते आणि ती खोड पुढे जन्मभर जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पहिला आठवडा टेबलाजवळ फिरकावयाचे नाही. बॅटवर चेंडू उडवावयाचा. आधी एका बाजूने शंभर वेळा, मग दुसऱ्या बाजूने, मग एकदा ही बाजू एकदा ती. मग चालत चालत, मग जिना चढत. हस्तांदोलन करावे तसा दांडा धरावयाचा, तर्जनी फळीच्या कडेलगत आडवी, अंगठा दुसऱ्या बाजूला हलकेच टेकलेला. मूठ आवळलेली दिसली की सर मागून येऊन हळूच बॅट ओढीत. ती सहज निघून आली तर बरोबर, हात बॅटबरोबर ओढला गेला तर चूक.

नंतर भिंत, मग टेबल. जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंचीचे टेबल मोठ्यांच्या मापाचे असते. लहान मुलांसाठी सरांनी भिंतीलगतची बाके उलटी करून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या. मुले त्यांवर उभी राहत. आज परदेशांत लहान मुलांसाठी खुज्या टेबलांचा पुरस्कार होतो हे वाचले तेव्हा मला त्या फळ्या आठवल्या. आमच्यापैकी दोघे त्यांवरून पडलेही होते, हेही सांगितले पाहिजे.

परंतु सरांचे सर्वच बरोबर होते असे मी म्हटले, तर ते त्यांच्याच शिकवणुकीला सोडून होईल. दाणेदार रबराच्या बॅटवर त्यांचे इतके प्रेम जडले होते, की १९७० च्या आसपास इतर शाळांतील मुले जोडआवरणाच्या बॅटने फिरकीचे फटके मारू लागली तरी आमच्या हाती तीच जुनी बॅट होती. आंतरशालेय सामन्यांत आम्ही बचाव करकरून हरत असू. फिरकी हाताला कधी कळलीच नव्हती, कारण आमच्या रबराला ती धरताच येत नसे. सरांना स्पंज म्हणजे मुंबईतील ती मुकी बॅट वाटे. १९५९ नंतर स्पंज बराच निराळा झाला होता, हे त्यांनी मनाला लावून घेतले नाही. त्यांच्या तोंडावर हे बोलण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही.

माझी चूक याच्या नेमकी उलट. मी याच गावात गणिताचा शिक्षक झालो आणि संध्याकाळी मुलांना टेबल टेनिस शिकवू लागलो, तेव्हा सरांचा हट्ट आपल्याकडून होणार नाही असा मनाशी पण केला होता. १९८९ सालची गोष्ट. दहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येई. नाव सांगत नाही, ती आज संसारात सुखी आहे. तिच्या हातासारखा चपळ हात मी पुन्हा पाहिला नाही. पाचसहा महिन्यांत तिचा फोरहँड आकाराला येऊ लागला होता. तिच्या वडिलांनी मला विचारले, ‘सर, हिला चांगली बॅट घ्यावयाची आहे, कोणती घेऊ?’ मी त्या वेळच्या मोठ्या खेळाडूंच्या बॅटचे नाव सांगितले. कडक, वेगवान लाकूड आणि जास्तीत जास्त जाड स्पंज. त्यांनी मुंबईहून ती आणविली. त्यांच्या मिळकतीच्या मानाने तो खर्च फार मोठा होता.

पहिल्या दिवशी तिचे चेंडू टेबलाबाहेर जाऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात ते टेबलावर पडू लागले आणि मला वाटले, जमले. काय जमले होते हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून तिने हात मध्येच थांबवावयास सुरुवात केली होती. खांदा वळत नव्हता, कोपर पुढे येत नव्हते, फटका कपाळापर्यंत पुरा होत नव्हता. नुसता मनगटाचा धक्का देऊन ती चेंडू परतवीत होती, आणि तिच्या वयाच्या मुलींविरुद्ध तेवढ्यावर जिंकतही होती. चेंडू आणि बॅट यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास टिकतो. वेगवान बॅटवर तो आणखी निसटता होतो. ज्या हाताला फटका पूर्ण करण्याची सवय अजून लागलेली नाही, त्याला अशी बॅट हात आखडता घ्यावयास शिकविते. तेराव्या वर्षी ती पूर्ण हाताने मारणाऱ्या मुलींकडून हरू लागली, पंधराव्या वर्षी तिने खेळ सोडला. तिचे वडील मला रस्त्यात भेटत तेव्हा नेहमी आदरानेच बोलत. त्याचाच मला त्रास होई.

त्यानंतर मी बॅटविषयी जे सांगत आलो ते असे. फळी पाच थरांची, निव्वळ लाकडाची, मध्यम वेगाची असावी. कार्बनचा थर असलेली फळी नवशिक्याला नको. रबर दाणे आत असलेले, गुळगुळीत, चेंडूला पकड देणारे, पण स्पंज दीड ते पावणेदोन मिलिमीटर, त्याहून जाड नाही. म्हणजे फिरकीही कळते आणि फटका पुरा केल्यावाचून चेंडू पलीकडे नीट जात नाही. दांडा हातात धरून पाहिल्यावाचून बॅट घेऊ नये. आठ वर्षांच्या मुलाला बारीक दांडा आणि हलकी फळी लागते, आणि वर सांगितलेला नियम त्याच्या बाजूने आहे. मूल मोठे होईल म्हणून एक माप मोठी चप्पल घेण्याची जी आपल्या घरांची रीत आहे, ती येथे चालत नाही. दुकानात बॅट कागदी आवरणात वर्षानुवर्षे पडून असेल तर तिचे रबर चकाकते पण पकडीत नाही. स्वच्छ चेंडू त्यावर हलका घासून पाहावा. तो नुसता घसरला तर ती बॅट तशीच परत ठेवावी. घरी आणल्यावर खेळ संपला की ओल्या स्पंजाने रबर पुसून ठेवावे. सर्व मुलांना हे पहिले महिनाभर आठवते.

अलीकडे एक नवा प्रश्न येतो. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. तिच्या बॅकहँडच्या बाजूला लांब दाण्यांचे रबर असते. प्रतिस्पर्ध्याची फिरकी त्यावरून बरीचशी उलटून परत जाते आणि समोरची खेळाडू गोंधळते. दुसऱ्याच आठवड्यात दोन पालक मुलींना घेऊन ‘तसले रबर’ मागावयास आले होते. मी त्यांना सातो आणि ओगिमुरा यांची गोष्ट सांगितली. मनिकाने तो फटका किती वर्षे घोटला, याचा विचार रबराच्या वेष्टनावर लिहिलेला नसतो. मात्र असे रबर वाईट, असेही मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंचा साधा फटका हाताला बसला, समोरून येणारी फिरकी डोळ्यांना ओळखता येऊ लागली, की शिकविणाऱ्याने मुलाच्या खेळाकडे पाहून ते ठरवावे. एक पालक पटून गेले. दुसऱ्यांनी दुसरा शिक्षक पाहिला.

गेल्या महिन्यात शाळेने ती मागची खोली रंगवून घेतली, तेव्हा जुन्या कपाटात सरांच्या करवून घेतलेल्या प्लायवूडच्या चार बॅटी सापडल्या. एकीचा दांडा कोणीतरी सुतळीने गुंडाळला आहे. सामन्यात त्या चालणार नाहीत, कारण नियमाप्रमाणे चेंडू ज्या बाजूने मारावयाचा तिला रबर हवेच. पण येत्या सोमवारपासून तिसरी-चौथीची जी अकरा मुले नव्याने शिकावयास येणार आहेत, त्यांना पहिल्या आठवड्यात चेंडू उडविण्यासाठी त्याच देण्याचे ठरले आहे. चार बॅटी आणि अकरा मुले हा हिशेब जमत नाही, म्हणून आणखी सात करून घेण्यासाठी मी गावातील एका सुताराकडे नमुना देऊन ठेवला आहे. दांडा किती बारीक हवा हे त्याला पटेना, तेव्हा त्याच्याच सात वर्षांच्या नातवाला बोलावून त्याच्या मुठीचे माप घेतले.